वरचा रोज

आंबे वाटायची वेळ आली की आमचे साहेब भिंतीकडे तोंड करून उभे राहत. बागेतला चांगला माल राजेसाहेबांकडे पोचता झाला, की उरलेले आंबे नोकरांना वाटायचे असा त्या संस्थानात जुना रिवाज होता. बियाण्याच्या कोठारात जमिनीवर सारखे ढीग लावले जात. साहेब पाठमोरे होऊन उपरण्याचं टोक डोळ्यांवर धरत. तातोबा माळी एका ढिगावर काठी टेकवून विचारी, "ह्यो कुनाचा?" आणि साहेब भिंतीला नाव सांगत. कुठला ढीग कुणाला गेला हे त्यांनाच दिसत नसे, त्यामुळे कुणाला बोलायला जागा उरत नसे. त्या ढिगांत एक त्यांचाही असे. एका वर्षी नेमका सगळ्यात डागी ढीग त्यांच्या नावावर आला. साहेब इतके खूश झाले, की घरी जाताना वाटेत भेटेल त्याला टोपली उघडून दाखवत होते. घरी त्यांच्या थोरल्या बहिणीने, आक्कांनी, ती टोपली तशीच गोठ्यात नेली आणि म्हशीपुढे पालथी केली.

संस्थान कृष्णाकाठचं होतं, सांगली आणि साताऱ्याच्या मधलं. नाव सांगत नाही, कारण ते एवढं लहान होतं की नाव सांगितल्यावर साहेब कोण हे त्या भागात कुणीही ओळखील. राजेसाहेबांची मोटार वेग घेते न घेते तोच हद्द संपायची. पण बाग मोठी होती, आणि रस्त्यांच्या दुतर्फा चिंचा, वड, जांभळी होत्या. ही सगळी झाडं साहेबांच्या ताब्यात. ते बागेचे सुपरिंटेंडेंट, आणि मी शेतकीचं शिक्षण घेऊन नुकताच त्यांच्या हाताखाली लागलेला. गडीमाणसं त्यांना 'सायेब' म्हणत आणि मला 'धाकलं सायेब'.

पहिल्याच आठवड्यात मी एक दृश्य पाहिलं. दुपारी गडी चिलीम ओढायला बसले होते आणि साहेब खिशातलं घड्याळ हातात घेऊन त्यांच्या शेजारी उभे. एक नवा गडी घाबरून उठू लागला, तर साहेब त्याच्यावर खेकसले, "बस खाली! तुझी विश्रांती अजून संपलेली नाही." गडी बसला, पण त्याची चिलीम काही पुन्हा पेटली नाही. त्याला विश्रांती पूर्ण मिळते की नाही हे साहेब पाहत होते. त्याला मात्र वाटत होतं की आपल्यावर पहारा बसलाय.

लग्नाच्या पंगतीत साहेबांना बोलवायला लोक बिचकत. ते पानावर बसण्याआधी दाराजवळच्या शेवटच्या पंक्तीत जाऊन आमटी दाट आहे की पातळ ते पाहून येत. पातळ दिसली तर यजमानाला सगळ्यांदेखत विचारत, "बरोबर असेल हो, पण हे रास्त आहे का?" हा त्यांचा ठेवणीतला प्रश्न. तो ते राजेसाहेबांच्या कारभाऱ्यांनाही विचारत आणि बाजारातल्या भाजीवालीलाही. हातात कायम एक हिरवी छत्री. ती ते उन्हात उघडत नसत. तिच्या मुठीने फांदी खाली ओढून पानं तपासायची, एवढाच तिचा उपयोग.

लोक त्यांना हसत, पण मनात मानत. मीही मानत होतो. पुढे जे झालं ते एखाद्या लबाड किंवा कंजूष माणसाच्या हातून झालं असतं तर मला आज एवढं अवघड वाटलं नसतं.

तेव्हा लढाई चालू होती. ज्वारी महागली, रॉकेल मिळेना, कापडासाठी रांगा. बागेतल्या माणसांना रोजावर पगार होता आणि तो दर बाजाराच्या दिवशी हातात पडे. माणसं दोन प्रकारची होती. माळी होते ते रोपं करणार, पाणी पाजणार, कलमं बांधणार. आणि झाडावर चढणारे होते ते वाळकं लाकूड काढणार, आंब्यावरची बांडगुळं छाटणार, चिंचा झोडणार. बागेत त्यांना सगळे 'खालची माणसं' आणि 'वरची माणसं' म्हणत. दिवसाच्या मजुरीचा हा रोज दोघांना सारखाच होता.

वरच्या माणसांचा म्होरक्या बिरू. पाऊस न झालेल्या एका वर्षी तो माणदेशातून शेरडं घेऊन आला, शेरडांसाठी बाभळी छाटता छाटता बागेच्या कुंपणापाशी पोचला, आणि साहेबांनी त्याला कामावर घेतलं. मोठा बढाईखोर. झाडाच्या शेंड्यावर बसून गावात कुणाच्या घरी काय शिजतंय ते ओरडून सांगायचा. पण चढायला लागला की बघत राहावं.

एके दिवशी हा बिरू वरच्या माणसांना घेऊन कोठारापुढे येऊन उभा राहिला. "सायेब, आमास्नी खालच्यापेक्षा जादा रोज पायजे."

साहेबांचे डोळे चमकले. असा प्रश्न म्हणजे त्यांना मेजवानीच. त्यांनी लगेच खालच्या माणसांनाही बोलावलं आणि सगळ्यांना समोरासमोर बसवलं.

बिरू म्हणाला, "तातोबाचा पाय घसरला तर त्यो चिखलात पडंल. धोतार धुतलं की झालं. माजा घसरला तर?"

तातोबा माळी वयाने सगळ्यांत मोठा. कलमं बांधण्यात त्याचा हात धरणारा आसपास कुणी नव्हता. तो म्हणाला, "आरं गड्या, तू फांदी तोडतोस आन् खाली येतोस, काम संपलं. मी रोप लावतो, ते जगवाय मला दोन उन्हाळं काढावं लागत्यात. तुजं काम झाडाला हलकं करायचं. झाड आनलं कुनी?"

"झाड तू आनलंस, मान्य. पर झाडावरनं पडून मेलेला मानूस कोन आनंल?"

दोघांचंही खरं होतं. साहेब एकदा इकडे मान डोलवत, एकदा तिकडे. शेवटी म्हणाले, "ऐकून कळायचं नाही. करून बघितलं पाहिजे."

आणि त्यांनी ते केलं. पुढचे काही दिवस सुपरिंटेंडेंट धोतर खोचून वाफ्यात खुरपं घेऊन बसले. त्यांना ते फार आवडलं. माती मऊ होती, दिवस थंडीचे होते, आणि दमलं की उठून कचेरीत जाऊन बसता येत होतं. मग बाजाराच्या दिवशी, रस्ता माणसांनी भरलेला असताना, ते बागेच्या फाटकाजवळच्या चिंचेवर चढले. चिंच बिरूनेच निवडली होती. म्हणाला, "चिंच चिवट आसती, सायेब, मोडायची न्हाई."

पहिल्या बेचक्यापर्यंत साहेब बरे गेले. तिथे त्यांनी खाली पाहिलं आणि फांदीला मिठी मारली. ती सुटेना.

मी खालून म्हटलं, "साहेब, आता या खाली."

"येतोच," ते म्हणाले. पण आले नाहीत. बाजाराला निघालेल्या गाड्या थांबल्या, पोरं जमली. कुणीतरी आक्कांना बोलावून आणलं. त्या कपाळावर हात मारून म्हणाल्या, "अरे, या वयात हे काय आरंभलंस! उतर आधी!" तरी साहेब हलेनात. मी कोठाराच्या मागे जाऊन पोटभर हसलो. शेवटी बिरू वर गेला, त्यांच्या शेजारी बसून त्याने एक बिडी ओढली, हवापाण्याच्या गप्पा मारल्या, मग डोक्याचं पागोटं सोडून त्यांच्या कमरेला बांधलं आणि तान्ह्या पोराला उतरवावं तसं त्यांना उतरवलं. साहेबांचं धोतर फाटलं होतं, ओठ पांढरे पडले होते. तांब्याभर पाणी प्यायल्यावर ते पहिला शब्द बोलले, तो असा: "दीडपट."

वरच्या कामाला खालच्याच्या दीडपट रोज. त्यांनी निकाल दिला होता. त्यांनी त्यात आणखी एक सुधारणा केली. माणूस वरचा आणि माणूस खालचा असा भेद ठेवायचा नाही. जो कुणी ज्या दिवशी झाडावर चढेल त्याला त्या दिवशी वरचा रोज. "काम वर, रोज वर. याहून रास्त काय असणार?" त्यांनी मला विचारलं. मी मान डोलावली. कारभाऱ्यांनीही मंजुरी दिली, कारण वर चढण्याचे दिवस असे कितीसे असणार. खालच्या रोजाबद्दल त्या सबंध चर्चेत कुणी एक अक्षर काढलं नाही.

महिन्या-दोन महिन्यांत मला बागेत एक बदल जाणवू लागला. वाफ्यांत माणसं कमी दिसत आणि झाडांवर जास्त. पाणी पाजणारे, खुरपणारे, आयुष्यात कधी झाडावर न चढलेले सकाळी येऊन विचारत, "आज वर काय काम हाय का?" साहेबांना याचा आनंदच झाला. माणसं धीट होताहेत, ते म्हणाले.

मग तातोबाही चढू लागला.

मी त्याला पहिल्यांदा झाडावर पाहिलं तेव्हा हातातलं काम टाकून झाडाखाली जाऊन उभा राहिलो. ज्या हातांनी तो नखाएवढ्या सालीशी साल जुळवायचा, ते हात प्रत्येक फांदी दोन-दोनदा चाचपून बघत होते. खाली उतरल्यावर मी त्याला म्हटलं, "तातोबा, तुला काय गरज आहे याची?"

तो हसला. "ज्वारीचा भाव इचारलाय का, धाकलं सायेब?"

त्यानंतर थोड्याच दिवसांनी त्याची बायको हौसा साहेबांच्या घरी आली. दुपारची वेळ होती. साहेब जेवून ओसरीवर पान लावत बसले होते, मी कामाचे कागद घेऊन समोर होतो. हौसा पायरीखाली उभी राहिली. साहेबांनी वर ये म्हटलं, तरी आली नाही.

"सायेब, आमच्या मालकास्नी वर चढू दिऊ नगा."

"का? त्याला काही त्रास होतोय का?"

"त्येंचं गुडघं दुखत्यात. नजर बी पयल्यागत न्हाई. मी सांगून बगितलं, पर माजं ऐकत न्हाईत. तुमी नको म्हनला तर ऐकतील."

साहेबांनी पान बाजूला ठेवलं. मला आठवतं, त्यांनी प्रश्न अजिबात उडवून लावला नाही. चांगला विचार केला. मग म्हणाले, "हौसाबाई, बिरूला मी चढू देतो. त्याला वरचा रोज मिळतो. तातोबा चढतो म्हणत असताना त्याला मी अडवलं, तर त्याच्या तोंडचा तेवढा घास मी काढून घेतल्यासारखं होईल. ते रास्त होणार नाही."

हौसा त्यांच्याकडे बघत राहिली. तिला त्या शब्दांत धरायला काही सापडत नव्हतं. दाराआडून आक्का म्हणाल्या, "अरे, ती बायको आहे त्याची. तिला कळत असेल ना!" साहेब म्हणाले, "आक्का, नियम एकाला एक आणि दुसऱ्याला एक असा नसतो." हौसाने पदर सावरला आणि ती गेली. माझ्या हातातले कागद मी विनाकारण पुन्हा चाळले.

तातोबा पडला तेव्हा साहेब त्याच झाडाखाली उभे होते. आंब्यावरचं बांडगूळ काढायचं होतं. साहेब छत्रीच्या टोकाने दाखवत होते, "अजून थोडं डावीकडे. सावकाश." तातोबाने ज्या फांदीवर पाय दिला तिला आतून भिरूड लागलेलं होतं. बाहेरून साल धडधाकट, आत नुसता भुसा. मी रोपांच्या मांडवात होतो. मला आधी फांदीचा आवाज आला, मग साहेबांचा. साहेब असे ओरडू शकतात हे मला माहीत नव्हतं.

तातोबा उजव्या खांद्यावर पडला होता. बैलगाडीत कडबा अंथरून आम्ही त्याला मिरजेला नेलं. साहेब गाडीत बसले नाहीत. सबंध वाट ते गाडीच्या बाजूने चालत होते आणि ती हिरवी छत्री उघडून त्यांनी तातोबाच्या तोंडावर धरली होती. हौसा गाडीत त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. छत्रीचा दांडा तिच्या हाताला लागेल एवढ्या जवळ होता, पण तिने तिकडे बघितलंही नाही.

तातोबा वाचला. उजवा हात मात्र खांद्यापासून गेला. म्हणजे होता जागेवर, पण लाकडासारखा लटकत राहिला.

मिरजेच्या दवाखान्यात त्याला बरेच दिवस ठेवलं होतं. साहेब दर आठवड्याला मला घेऊन तिथे जात आणि आवारातल्या कडुलिंबाखालच्या बाकावर बसून राहत. आत येत नसत. "तुम्ही जाऊन या. मी इथे आहे," एवढंच म्हणत. मी आत जाऊन तातोबाशी बोलायचो. तो विचारी, "सायेब न्हाई आलं?" मी म्हणे, "कचेरीत काम फार आहे."

असं दोन-तीनदा झाल्यावर तातोबाने डाव्या हाताने खिडकीकडे बोट केलं. तिथून लिंबाखालचा बाक स्वच्छ दिसत होता. "त्यास्नी म्हनावं, लिंबाची सावली फिरलीया," तो म्हणाला. "उन्हात बसू नगा."

मी बाहेर आलो. साहेब खरोखरच उन्हात बसले होते. तातोबाचा निरोप मी त्यांना सांगितला नाही. आज वाटतं सांगायला हवा होता.

त्यानंतर साहेबांनी वरचा रोज बंद करायचं ठरवलं. सगळ्यांना कोठारापुढे बोलावून सांगितलं, उद्यापासून पूर्वीसारखाच सगळ्यांना सारखा रोज, आणि माळ्यांनी झाडावर पाय ठेवायचा नाही. माळी खाली माना घालून ऐकत होते. बिरू पुढे आला.

"म्हंजी, तातोबा पडला म्हनून आमचा रोज कापताय?"

"पैशासाठी माणसं वर जायला लागली, बिरू. ती चूक मी केली."

"मग आमी काय केलं? आमी पडलो न्हाई, ही आमची चूक व्हय?"

बिरूचा आवाज खाली आला. एरवी झाडावरून गावभर ओरडणारा हा माणूस इतक्या हळू बोलू शकतो हे मी तेव्हाच पाहिलं. "आमच्या जिवाला तुमी किंमत लावली, सायेब. आमी काय लावा म्हनून पाया पडलो नव्हतो. पर लावली. आता ती काढून घेताय. मंग आमी समजायचं काय?"

कोठारापुढची माणसं पांगली. साहेबांनी आपला शब्द मागे घेतला आणि वरचा रोज चालू राहिला. माळ्यांना झाडावर बंदी मात्र राहिली, आणि त्यामुळे माळीही नाराज झाले. कुणाचंच समाधान झालं नाही.

साहेब घरात बसून राहू लागले. जेवायला बसले की अर्ध्यावर उठत. आक्कांनी दोन दिवस पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी डोक्यावरून पदर घेऊन त्या त्यांच्यापुढे उभ्या राहिल्या. "चल तिच्याकडे. मी येते बरोबर." मलाही त्यांनी हाक मारली. आम्ही तिघे तातोबाच्या घरी गेलो. तातोबा अजून मिरजेलाच होता. हौसा दारात ज्वारी पाखडत होती.

साहेब उभ्याउभ्याच म्हणाले, "हौसाबाई, माझं चुकलं. मी वरचा रोज वाढवला, तिथंच चुकलं."

हौसाचं सूप थांबलं. "वरचा वाढवला त्येचं मला काय बी वाटत न्हाई. बिरूच्या बी घरात लेकरं हाईत. त्येला मिळालं तर मिळू द्या की." तिने सूप खाली ठेवलं. "आमचं खालच्या रोजात भागत नव्हतं. ते कुनी इचारलं का कवा? ह्येला किती आन् त्येला किती, दोगांत फरक किती, ह्येच तुमी घोकत बसला. बगाय गेलं तर आमच्या घरात चूल पेटत नव्हती. म्हनून ते वर गेलं. हौस म्हनून न्हाई गेलं."

आक्कांच्या डोळ्यांत पाणी आलं. साहेबांच्या आलं नाही. ते नुसते उभे होते, आणि त्यांचा चेहरा एखाद्या भरल्या पंगतीत आपल्याच धोतराला आग लागल्याचं कळावं तसा झाला होता. आम्ही निघालो तेव्हा हौसाने पाणी विचारलं नाही. आम्हीही मागितलं नाही.

दुसऱ्या दिवशी ते कारभाऱ्यांकडे गेले. मी बरोबर होतो. आयुष्यभर त्या माणसाला "हे रास्त आहे का?" असं ताठ मानेने विचारणारे साहेब त्या दिवशी हात जोडून बोलले. खालचा रोज वाढवून द्या, म्हणाले. कारभारी म्हणाले, "वाढवा की. पण कुणाचा कमी करून, तेही सांगा." लढाई आहे, खजिन्यात काही नाही, वगैरे वगैरे. पुष्कळ ओढाताण होऊन थोडी वाढ मिळाली. ज्वारीच्या भावापुढे ती कुठल्या कुठे गेली. निघताना कारभारी म्हणाले, "आणि तो तुमचा हात गेलेला माळी. त्याला आता ठेवून काय करणार? एका हाताने कलमं बांधता येत नाहीत."

"दुसरा हात मी देतो," साहेब म्हणाले. कारभाऱ्यांना ते बोलणं कळलं नाही. मलाही तेव्हा कळलं नाही.

पावसाळ्यात तातोबा परत आला आणि मग कळलं. कलमं बांधायचे दिवस होते. कोयीच्या रोपाची कुंडी चांगल्या आंब्याच्या खाली वाकलेल्या फांदीशी भिडवायची, दोघांची साल तासायची आणि केळीच्या खोडाच्या सोपटाने घट्ट बांधायचं. तातोबा शेजारी बसून सांगत होता आणि साहेब करत होते. राजेसाहेबांचा सुपरिंटेंडेंट चिखलात मांडी घालून आपल्याच माळ्याचा हुकूम पाळतोय, हे बघायला लोक कुंपणापाशी थांबत. चिंचेवरचा तमाशा ज्यांनी पाहिला होता ते पुन्हा हसत. या वेळी मी हसलो नाही.

आधी तातोबाच फार संकोचायचा. "ऱ्हाऊ द्या, सायेब. तुमी कशाला?" साहेब ऐकत नसत. त्यांचा हात मुळीच चालत नव्हता. साल तिरकी कापली जाई, बांधणी ढिली पडे, एकामागून एक कलमं वाळत. हळूहळू तातोबाचा संकोच गेला आणि त्याची जागा रागाने घेतली. "आवं, आसा चाकू धरत्यात व्हय? लाकूड फोडताय का साल काढताय?" साहेब मान खाली घालून पुन्हा चाकू धरत. तातोबा बोलला की त्यांना बरं वाटतंय, असं मला वाटायचं. हौसा दुपारी भाकरी घेऊन येई. नवऱ्यापुढे ठेवी, साहेबांकडे पाठ करून बसे आणि तशीच उठून जाई. मी तिथे होतो तोवर यात कधी फरक पडला नाही. साहेबांनीही तिच्याकडून काही अपेक्षा केली नाही.

पुढे लढाई संपली, स्वातंत्र्य आलं आणि संस्थान विलीन झालं. बाग सरकारी खात्याकडे गेली. मला पाचगणीला एका शाळेच्या आवाराचं काम मिळालं. तातोबाचा मुलगा हाताशी आला होता, त्याने बापाला सांगलीकडे नेलं. साहेब आक्कांबरोबर साताऱ्याला, अजिंक्याताऱ्याच्या पायथ्याशी एका बोळात राहायला गेले.

एकदा पाचगणीहून खाली उतरलो असताना मी त्यांना भेटायला गेलो. साहेब पार वाळले होते. अंगणात एक कडुलिंब होता आणि त्याच्या दोन फांद्या शेजारच्या कौलांवर टेकल्या होत्या. शेजारी तक्रार करत होते. मी बसलो असतानाच एक तरणा पोरगा कुऱ्हाड घेऊन दारात आला. पलटणीतून सुटून आलेला, अंगावर अजून खाकी पँट, छाती पुढे. आक्कांनीच निरोप देऊन बोलावला होता.

"सलाम, साब. कंची फांदी काढायची?"

साहेबांनी त्याला पायरीवर बसायला सांगितलं. तो उभाच राहिला. साहेबांनी विचारलं, "घरात खाणारी माणसं किती?"

पोरगा गोंधळला. "आं? मान्सं?"

"लहान मुलं आहेत का? ज्वारी विकत घेता की घरची आहे?"

"आवं, झाड बगा की. फांदी केवढी हाय, कौलं वाचवून काढायची हाय, त्ये बगा. घरची मान्सं कशापायी मोजताय?"

"तुझं भागेल एवढं तरी तुला देता यावं म्हणून," साहेब म्हणाले. त्यांच्या आवाजात इतकं आर्जव होतं की मला खाली बघावंसं वाटलं.

पोराचा चेहरा तांबडा झाला. "आमी काय मागाय आलोय व्हय तुमच्या दारात? लढाईवर जाऊन आलोय. कामाचा दाम बोला. पटला तर चढतो, न्हाई तर ऱ्हायलं."

साहेब काहीतरी आकडा बोलायचा प्रयत्न करत होते. ओठ हलले, पण आकडा आला नाही. पोराने थोडा वेळ वाट पाहिली, कुऱ्हाड खांद्यावर टाकली आणि तो फाटकाबाहेर पडला.

साहेब पायरीवर बसले. बराच वेळ त्यांनी हातातल्या रुमालाची घडी केली, मोडली, पुन्हा केली. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "आता यातही चुकलंच का हो माझं?"

आक्का स्वयंपाकघरातून बाहेर आल्या, त्यांनी एकदा भावाकडे पाहिलं आणि पायांत चपलाही न घालता त्या बोळात धावल्या. "अरे बाळा, थांब! अरे, तुझा काय असेल तो दाम तूच सांग!" त्यांची हाक बोळाच्या वळणापर्यंत जात राहिली. पोरगा थांबला की नाही, ते पायरीवरून दिसत नव्हतं. साहेबांनी मान वळवून पाहिलं नाही. कान मात्र तिकडेच लावून ते बसले होते.